हरणाऱ्याचा राग: कुणकेश्वर परिसरातील चढाओढींचा इतिहास

स्पर्धेत हरलेल्या माणसाच्या रागाचे काय करायचे, हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे, आणि निरनिराळ्या काळांत समाजाने त्याला दिलेली उत्तरे हा इतिहासाचा काहीसा दुर्लक्षित विषय आहे. मोबाईलवरील ऑनलाइन सामन्यांमुळे हा प्रश्न अलीकडे पालकसभांत, वर्तमानपत्रांत आणि न्यायालयातही चर्चेला आला, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा खेळाडूच्या मनातच शोधले गेले: त्याने संयम राखावा, दीर्घ श्वास घ्यावा, फोन बाजूला ठेवावा. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील कुणकेश्वर आणि त्याच्या अवतीभवतीच्या दक्षिण कोकणात पूर्वापार चालत आलेल्या चढाओढींचा मागोवा घेतला, तर मात्र निराळे चित्र दिसते. येथे राग आवरण्याचे काम एकट्या हरणाऱ्याच्या गळ्यात घातलेले नव्हते. ते जागा, पाळी, वेळ, प्रेक्षक आणि देवाची उपस्थिती यांनी आपसांत वाटून घेतले होते.

कुणकेश्वराचे शिवमंदिर समुद्राला अगदी लागून, लाटांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत यावा इतक्या जवळ उभे आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि तिच्यापाठोपाठ येणाऱ्या अमावास्येला तीर्थस्नान होते. या स्नानासाठी आसपासच्या गावांतून देवस्वाऱ्या येतात. देवस्वारी म्हणजे ग्रामदेवतेची पालखी किंवा तरंग, म्हणजे वस्त्रे नेसवून सजवलेला देवखांब, आणि त्याच्यासोबत चालणारे मानकरी, वाजंत्री व गावकरी. एकाच वाळूवर अनेक गावांचे देव येतात, तेव्हा कोणाची स्वारी आधी, कोणाची मागून, कोणाच्या हातून कोणता विधी, हे प्रश्न आलेच. कोकणात ‘मान’ या एका शब्दात सामावणारी ही क्रमवारी पिढीजात असते आणि तिच्यावरून पेटलेले वाद वर्षानुवर्षे चालतात. हरण्याचा राग म्हणजे काय, हे या किनाऱ्याला पत्त्यांच्या किंवा फाशांच्या आधी मानाने शिकवले असावे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या रागासाठी गावऱ्हाटीने, म्हणजे गावाच्या धार्मिक-सामाजिक कारभाराच्या रूढ पद्धतीने, दोन साधने घडवली होती. पहिले गाऱ्हाणे, म्हणजे देवासमोर मोठ्याने मांडलेली विनंती किंवा तक्रार, जिच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. दुसरे कौल, म्हणजे देवाच्या पाषाणावर तांदूळ किंवा फुलाच्या पाकळ्या चिकटवून, त्यांतली कोणत्या बाजूची आधी पडते यावरून देवाची आज्ञा ओळखणे. कौलातून न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. पाकळी पडेपर्यंत दोन्ही पक्षांना ताटकळत उभे राहावे लागते आणि निकाल लागला तरी तो समोरच्या माणसाने दिलेला नसतो, या दोन गोष्टी महत्त्वाच्या, कारण त्यांमुळे पराभूत पक्षाला आपला राग धरायला समोर माणूसच उरत नाही. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांना मानच नव्हता त्यांना गाऱ्हाण्यात स्वतःचा आवाज नव्हता, आणि स्त्रियांचा व गावकुसाबाहेरच्यांचा राग कोणत्याही कौलाला लावला जात नव्हता.

खुद्द शिवाच्या कथेतही हरण्याचा रुसवा आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीतल्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वतीने शंकराला हरवले, अशी कथा व्रतग्रंथांत येते, आणि घरोघरी सोंगट्या मांडण्याची रीत तिच्याशी जोडली जाते. वेरूळच्या लेण्यांत हा प्रसंग एकाहून अधिक ठिकाणी कोरला आहे. त्यांतील रामेश्वर लेण्यातला, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यातला पट बारकाईने पाहण्यासारखा आहे: वर शिव आणि पार्वती डावात गुंतलेले, आणि खाली गणांची टोळी नंदीची खोडी काढण्यात दंग. शिल्पकाराने वरचा ताण खालच्या थट्टेने सैल केला आहे. देवाला हरवणे हा अपराध ठरत नाही आणि देवाचे हरणे ही नामुष्की ठरत नाही, असा संदेश देणारी जागा देवळातच असणे, हे मानापानावरून भांडणाऱ्या समाजाच्या सोयीचेच होते. पाडव्याच्या द्यूताला मुदतही होती. खेळायला मोकळीक त्या दिवसापुरती असे. दुसऱ्या दिवशी भाऊबीज आली की पट गुंडाळला जाई.

द्यूताच्या रागाची दुसरी, कडवट बाजूही परंपरेने लपवलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी स्वतःच बोलतो: बायको दुरावली, सासू द्वेष करते, आता खेळणार नाही असा निश्चय केला, पण फाशांचा खुळखुळाट कानी पडला की पाय पुन्हा तिकडेच वळतात. हरल्यावर लगेच पुढचा डाव मांडून नुकसान भरून काढण्याच्या धडपडीचे इतके अचूक वर्णन नंतरच्या वाङ्मयात क्वचितच सापडते. मराठी गद्याच्या आरंभीचा ग्रंथ असलेल्या ‘लीळाचरित्रा’तही असा प्रसंग आहे. संन्यासापूर्वी हरिपाळदेव म्हणून संसारात असलेले चक्रधर द्यूतात हरले, देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले, तिने ते दिले नाहीत, आणि पुढे वडिलांनी देणे भागवले तरी मनाला लागलेला चटका वैराग्याचे निमित्त झाला, असे हा ग्रंथ सांगतो. पराभवाचा राग दुसऱ्यावर न काढता आयुष्याची दिशाच बदलावी, हे अपवादात्मक उदाहरण झाले. सर्वसामान्यांसाठी कौटिल्याने अधिक व्यवहारी मार्ग सुचवला होता. ‘अर्थशास्त्रा’त द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, जो द्यूत एकाच ठरलेल्या जागी खेळवतो, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड करतो आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच वसूल करतो. एकाच जागी खेळवण्याचा उघड हेतू चोर-लबाडांवर नजर ठेवणे हा आहे, पण त्यामुळे हरणाऱ्याचा राग आपोआप चार लोकांसमोर आणि अधिकाऱ्यासमोर येतो.

कुणकेश्वरच्या दक्षिणेला असलेल्या सावंतवाडी संस्थानात खेळाच्या नियमांनीच राग आवरण्याचा हा विचार अधिक नाजूक रूपात रुजला. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, हा खेळ हिंदुस्थानात मोगलांच्या काळात प्रतिष्ठित झाला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफात आठ रंगांची ९६ पाने असत. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी १२० पाने झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करणाऱ्या तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात सावंतवाडीच्या चितारी कारागिरांना या कामात राजाश्रय मिळाला, आणि पुढे ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच तिचे काम पुन्हा सुरू करवले.

खेळ म्हणून गंजिफा अत्यंत कष्टाचा आहे. तिघे खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात. ती गोल असल्याने त्यांना कोपरा नाही आणि कोपऱ्यावर छापलेली खूणही नाही. पंखा करून धरली तरी प्रत्येक पानाचा थोडासा काठच दिसतो. खेळात कोणताही रंग इतरांवर वरचढ नसतो. ‘हुकूम’ म्हणजे त्या घटकेला त्या रंगात शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान, त्यामुळे कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणाऱ्यालाच आपल्या हातातला हुकूम कळतो. शिवाय दहापैकी पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, असा उलटा क्रम सांभाळावा लागतो. रागावलेल्या खेळाडूला येथे कोणी समजावीत बसत नाही. ज्याची मोजणी रागाने चुकली त्याचा पुढचा हातही जातो, आणि हे त्याला दोन-तीन फेऱ्यांत स्वतःलाच कळते. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर कृष्णाचा, या नियमाने पहिल्या उतारीचा वादही मिटतो. पाने टाकताना देवाचे नाव तोंडी येते म्हणून या खेळाला पुण्याची जोड दिली गेली, ती कितपत मनापासून होती हे सांगणे कठीण. दरबारी करमणुकीला धर्माचे पांघरूण घालण्याची ती सोय असावी अशी शंका घेता येते. तरीही नामोच्चाराच्या त्या सवयीत शिवी देण्यासाठी तोंड मोकळे राहत नसे, एवढे खरे.

परंतु या किनाऱ्यावरची सर्वांत बोलकी चढाओढ पत्त्यांची नाही, गाण्याची आहे. शाहिरी परंपरेत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष मानले गेले: कलगीवाले शक्तीचा, म्हणजे प्रकृतीचा मोठेपणा गात, तर तुरेवाले शिवाचा, म्हणजे पुरुषतत्त्वाचा. कोकणात याच सामन्याला शक्ती-तुरा म्हणतात. शिव मोठा की शक्ती, हा प्रश्न तत्त्वज्ञानातही न सुटलेला आणि सुटू नये असाच आहे, त्यामुळे त्याच्यावर उभ्या राहिलेल्या स्पर्धेत अखेरचा पराभव संभवतच नाही. एका रात्री निरुत्तर झालेला शाहीर पुढच्या जत्रेपर्यंत पुराणे धुंडाळून नवा सवाल घेऊन येतो. जिंकणे-हरणे तात्पुरते ठेवण्याची ही युक्ती कोणी जाणूनबुजून योजली असेल असे नाही, पण तिने शतकभराहून अधिक काळ दोन प्रतिस्पर्धी पक्ष नांदते ठेवले.

डबलबारी भजन हे सिंधुदुर्गातले याच वळणाचे, पण अधिक धीट रूप आहे. ‘बारी’ म्हणजे भजनी मंडळाची पाळी. दोन मंडळे एकाच मंडपात समोरासमोर बसतात आणि दोन्हींचे बुवा, म्हणजे पेटी वाजवीत मुख्य गायन करणारे गायक, आळीपाळीने आपापली बारी सादर करतात. पखवाज, झांजा, मागे साथ देणारे कोरस, ध्वनिक्षेपक आणि रात्रभर जागणारे प्रेक्षक असा हा सारा थाट असतो. नमन, रूपावली, अभंग, गजर, गवळण अशा टप्प्यांतून बारी चढत जाते, आणि मधल्या निरूपणात बुवा समोरच्या बुवाला पुराणातला एखादा अडचणीचा प्रश्न घालतो किंवा त्याच्या गाण्याची, ज्ञानाची, क्वचित त्याच्या आवाजाची टर उडवतो. टोला बसला की मंडपात हशा पिकतो आणि सारे प्रेक्षक टोला खाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतात.

या क्षणाला काय घडते, किंबहुना काय घडत नाही, त्यात या प्रकाराचे मर्म आहे. टोला खाल्लेल्या बुवाला तत्काळ उत्तर देता येत नाही, कारण बारी त्याची नाही. ध्वनिक्षेपक समोरच्याच्या हाती आहे, पेटीवर हात ठेवून त्याला ऐकत बसावे लागते, आणि बसणेही असे की चेहऱ्यावर चिडल्याची रेषा उमटली तर प्रेक्षक तोच दुसरा पराभव मानतात. या सक्तीच्या प्रतीक्षेत राग शिजतो, त्यातला कच्चेपणा जातो, आणि बारी आली की तो अभंगाच्या चालीत, यमकात, कोटीत उतरतो. जाणकार श्रोता कोणी कोणाला शिवी दिली हे मोजत नाही. मागच्या टोल्याला आत्ताच्या बारीत नेमके कोठे उत्तर आले, हे तो मोजतो. प्रत्येक टोला भक्तिगीताच्या चौकटीत बसवावा लागतो, म्हणून मर्यादा ओलांडणाऱ्या बुवाला आवरण्यासाठी पंचाची गरज पडत नाही. ‘बुवा, भजन म्हणा’ एवढा एक आवाज मंडपातून आला तरी पुरे होतो. अर्थात सामने नेहमीच गोडीगुलाबीने संपतात असे नाही. मुंबईतल्या चाकरमान्यांमुळे या सामन्यांना मोठी बिदागी आणि जाहिरात लाभली, ध्वनिचित्रफिती मोबाईलवर फिरू लागल्या, आणि टोल्यांची धार वाढत चालल्याची तक्रार जुने श्रोते करतात. तरीही हरलेल्याच्या रागाला कलेत रूपांतरित होण्यासाठी लागणारा वेळ नियमानेच मिळवून देणारी दुसरी व्यवस्था या जिल्ह्यात दाखवता येणार नाही.

मैदानी खेळांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लेखी नियम आणि शिट्टी स्वीकारली. हुतूतूच्या गावोगावच्या रीतींना कबड्डीचे एकसारखे नियम लाभले आणि ‘मेला की नाही’ हा पूर्वी हातघाईवर येणारा वाद पंचाच्या बोटाच्या खुणेवर मिटू लागला. पुढे चढाओढ मैदानावरून मोबाईलवर आली: सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाईल सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि मार्च २०१८ मध्ये आलेला पबजी मोबाईल हा खेळ शहराइतक्याच वेगाने किनाऱ्यावरच्या वाड्यांत पोहोचला. २०१९ मध्ये त्याच्या विरोधात मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने जनहित याचिका दाखल झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, ती राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने. हरणाऱ्या मुलांच्या चिडचिडीशी तिचा संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने त्याचे भारतीय रूप आले, जुलै २०२२ मध्ये तेही हटवले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले.

या खेळाची रचनाच जुन्या चढाओढींहून वेगळी आहे. गंजिफात तिघांपैकी दोघे हरतात, डबलबारीत कोण हरले याबद्दल घरी परतेपर्यंत दुमत असते. येथे शंभर जण बेटावर उतरतात आणि अखेरीस एकच खेळाडू किंवा चौघांचा एकच चमू उरतो. म्हणजे हरणे हाच येथला नियम आहे, जिंकणे अपवाद. मरण बहुधा न दिसलेल्या शत्रूकडून येते, आणि पुढच्या क्षणी नवा सामना सुरू करण्याचे बटण बोटाखाली असते. अक्षसूक्तातल्या फाशांच्या खुळखुळाटाला इतके जवळ येण्याची सोय पूर्वी कधी नव्हती. त्यात रँक, म्हणजे सामन्यागणिक वरखाली होणारी क्रमवारी, असल्याने प्रत्येक पराभवाची नोंद राहते. शिवाय ‘लॅग’ असतो, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास लागणाऱ्या विलंबामुळे शत्रू जिथे दिसतो तिथे तो खरे तर क्षणापूर्वी होता. आपण चुकलो की नेट चुकले, हे अशा वेळी खेळाडूला निश्चित करता येत नाही, आणि दोष कोणाला द्यावा हे न कळणारा राग सर्वांत चिवट असतो.

रागाच्या भरात एकामागून एक सामने खेळत, दर वेळी अधिक वाईट निर्णय घेत जाण्याला खेळाडू ‘टिल्ट’ होणे म्हणतात. ही संज्ञा पोकरमार्गे पिनबॉलच्या यंत्राकडून आली आहे; १९३०च्या दशकात त्या यंत्रात अशी कळ बसवण्यात आली की चिडलेल्या खेळाडूने यंत्र जोरात हलवले तर चेंडूचा डाव आपोआप बंद पडावा. यंत्रानेच खेळाडूला थांबवण्याची ही सोय ऑनलाइन खेळांच्या पहिल्या पिढीने मात्र सोडून दिली, आणि मग ती तुकड्यातुकड्यांनी परत आणावी लागली. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळाच्या कंपनीने २०११ मध्ये खेळाडूंचेच एक न्यायमंडळ नेमले, ज्यात शिवीगाळीच्या तक्रारी इतर खेळाडू वाचून मत देत. काही वर्षांत ते बंद झाले. २०२१ मध्ये त्याच कंपनीने प्रतिस्पर्ध्यांमधील लेखी संभाषण काही काळ बंदच करून टाकले, म्हणजे टोले मारण्याची सोयच काढून घेतली. मे २०२३ मध्ये परतलेल्या बीजीएमआयवर अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि प्रौढांसाठी सहा तास अशी मर्यादा आली. पाडव्याच्या द्यूताची मुदत अशा रीतीने घड्याळात बसवली गेली, पण गाऱ्हाण्याला दुजोरा देणारी माणसे तिच्यासोबत आली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला जागा मिळाली आहे, तिचा विषय खेळावरचा ताबा सुटणे हा आहे, आणि हरल्यावर फोन गादीवर आपटणाऱ्या प्रत्येक मुलाला ती लावणे ही घाई ठरेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या संघटित ऑनलाइन स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली. या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या जेव्हा सभागृहात भरतात, तेव्हा दोन्ही चमू एकाच मंचावर बसतात, पंच असतात, काही खेळांत प्रशिक्षकाला ठरावीक विश्रांती मागता येते, आणि हरलेल्या चमूला हजारो लोकांच्या देखत जिंकणाऱ्याशी हात मिळवावा लागतो. डबलबारीच्या मंडपातल्या बहुतेक सोयी तिथे नव्या नावाने हजर आहेत. त्या मंचापर्यंत पोहोचणारे खेळाडू मूठभर असतात. देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत रात्री खाटेवर पडून, कानात इअरफोन घालून खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला यांपैकी ‘म्यूट’ आणि ‘रिपोर्ट’ ही दोन बटणे तेवढी येतात, आणि ती दाबायची की नाही हे त्याला भर रागातच ठरवावे लागते.